पानाखालची जाहिरातीची पट्टी आणि बंद पडणारं प्रिंटचं बटण

(आमच्या होस्टिंगच्या जाहिरातवाल्या स्वस्त प्लॅनवर साइट असलेल्या सगळ्या ग्राहकांसाठी. साइट ज्याने बनवून दिली त्यालाही हे वाचायला द्या.)

रोज एक तरी फोन याच गोष्टीचा येऊन राहिला, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. "भाऊ, आमच्या पानाच्या खाली एक जाहिरात दिसते, फाइल उघडून पाहिली तर त्यात तो कोडच नाही, साइट हॅक झाली का?" नाही झाली. ती पट्टी आमची आहे, प्लॅन घेताना फॉर्मवर लिहिलेलं असतं, आणि तिच्यामुळेच हा प्लॅन इतक्या कमी भावात देणं परवडतं. पूर्वी जिओसिटीज, ट्रायपॉड, एंजलफायर असे फुकट जागा देणारे होते तेही असंच करायचे, फक्त तिकडे पॉपअप उडायचे, आपल्याकडे एकही पॉपअप नाही.

तुमच्या फाइलला आम्ही हात लावत नाही, हे पहिले डोक्यात पक्कं करा. पेपर छापून येतो तेव्हा त्यात पॅम्फ्लेट नसतं, वाटणारा ते आत सरकवून देतो, तसंच हे आहे. कोणी तुमचं पान मागितलं की आमच्या सर्व्हरवरचा अपाचे (पानं पाठवणारा प्रोग्राम) ती फाइल वाचतो, आणि पाठवता पाठवता त्यातला एक फिल्टर बॉडीचा बंद होणारा टॅग, म्हणजे पानाचा मजकूर इथे संपला असं सांगणारी खूण, शोधतो आणि त्याच्या अगदी आधी पट्टीचा कोड टाकतो. म्हणून एफटीपीने, म्हणजे सर्व्हरवरून थेट, फाइल उतरवली तर पट्टी नसते, आणि ब्राउझरमध्ये व्ह्यू सोर्स करून आलेला कोड पाहिला तर असते. फाइल मॅनेजरमध्ये कितीही शोधा, सापडणार नाही.

"पण आमच्याकडे तर एचटीटीपीएसचं कुलूप आहे, मग मधे कोणी कसं घुसवतं?" हेही खूप जण विचारतात आणि प्रश्न बरोबर आहे. साध्या एचटीटीपी पानांमध्ये इंटरनेट देणाऱ्या काही कंपन्या रस्त्यातच जाहिराती घुसवायच्या, कुलूप लागल्यावर ते बंद झालं. आमची पट्टी मात्र पान सर्व्हरवरून निघायच्या आधी, म्हणजे कुलूप लागायच्या आधीच लागते. त्यामुळे पट्टीच्या आत आमच्या नावाची खूण नसेल, किंवा पानावर जुगाराच्या लिंका, आपोआप उघडणाऱ्या खिडक्या असं काही दिसलं, तर ते आमचं नाही. तेव्हा दुसऱ्या मोबाइलवर, दुसऱ्या नेटवर तेच पान पहा. तिथे नसेल तर तुमच्या ब्राउझरमध्येच काहीतरी बसलंय. तिथेही असेल तर लगेच फोन करा, रात्री असला तरी चालेल.

आता खरा मुद्दा, ज्यात तुमचे आणि आमचे तासन्‌तास जातात.

कोचिंग क्लासवाले फीची पावती काढायला, नागपूरच्या इतवारीतले व्यापारी बिल काढायला पानावर एक "प्रिंट" बटण ठेवतात. बनवणारा पोरगा काय करतो, जावास्क्रिप्टमध्ये नवीन खिडकी उघडतो आणि डॉक्युमेंट डॉट राइट म्हणून त्यात पूर्ण पानच लिहून टाकतो, एचटीएमएल सुरू, बॉडी सुरू, मधे पावतीचा तक्ता, आणि शेवटी बॉडी बंद, एचटीएमएल बंद, हे सगळं अवतरण चिन्हांच्या आत. त्याच्या दृष्टीने ते नुसतं वाक्य आहे, पण आमच्या फिल्टरला जावास्क्रिप्ट कळत नाही, त्याला फक्त बॉडीचा बंद टॅग दिसतो आणि तो तिथेही पट्टी टाकून मोकळा होतो. पट्टीचा कोड चार-पाच ओळींचा असतो, त्यात स्वतःची अवतरण चिन्हं असतात, त्यामुळे तुमचं वाक्य मधेच तुटतं आणि ब्राउझर ती पूर्ण स्क्रिप्टच टाकून देतो. नुसतं प्रिंटचं बटण नाही हं, त्याच स्क्रिप्टमध्ये फोटोचा स्लायडर असेल, फीची बेरीज असेल, व्हॉट्सॲपचं बटण असेल, तर सगळं एकदमच झोपतं. मग फोन येतो की "सगळी साइटच बिघडली."

काही पोरं उभ्या अवतरणाऐवजी बॅकटिक (उलटं तिरकं अवतरण चिन्ह) वापरतात, त्यात ओळ तुटली तरी चालते, म्हणून तिथे एरर येत नाही, पण मग पोराच्या ॲडमिशनच्या पावतीवर खाली आमची जाहिरात छापून येते आणि पालक विचारतात हे काय आहे. तेही कारण हेच.

यात सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो ते पहा. बनवणारा म्हणतो माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय, आणि तो खोटं बोलत नाही, कारण त्याच्या लॅपटॉपवर पट्टीच नाही. मग तो तीच फाइल परत अपलोड करतो, मग परत करतो, मग पीएचपीचं व्हर्जन बदलून पाहतो, मग म्हणतो होस्टिंग खराब आहे. फाइल बरोबरच आहे, ती शंभरदा चढवली तरी फरक पडणार नाही. त्याऐवजी क्रोममध्ये एफ बारा दाबा, कन्सोल उघडा, लाल ओळीत "अनकॉट सिंटॅक्स एरर" दिसेल, उजवीकडच्या ओळीच्या नंबरवर क्लिक केलं की थेट ती जागा उघडते, आणि तिथे तुमच्या पावतीच्या कोडच्या पोटात आमची पट्टी बसलेली दिसते. दोन मिनिटांचं काम आहे.

उपाय सोपा आहे. स्क्रिप्टच्या आत जिथे बॉडी बंद होते तिथल्या स्लॅशच्या आधी एक उलटा स्लॅश टाका. जावास्क्रिप्टला दोन्ही सारखंच वाटतं, पावती तशीच निघते, पण फिल्टरला तो टॅग ओळखू येत नाही. त्याहून चांगलं म्हणजे प्रिंटचा सगळा कोड वेगळ्या जेएस फाइलमध्ये ठेवा. आम्ही फक्त एचटीएमएल म्हणून जाणारी पानंच फिल्टरमधून काढतो, जेएस, सीएसएस, फोटो, पीडीएफ यांना तो शिवतही नाही. आणि हो, पानाच्या शेवटी बॉडी खरोखर एकदाच बंद करा, हेडर-फुटरच्या वेगळ्या फाइली जोडताना ती दोनदा बंद होते आणि मग पट्टी दोनदा दिसते.

"मग तुम्ही फक्त शेवटचाच टॅग का पकडत नाही?" असं एका ताईंनी विचारलं होतं. फिल्टर पान तुकड्यातुकड्यांनी वाचतो आणि वाचलेला भाग लगेच पुढे पाठवतो, म्हणून शेवटचा टॅग कोणता हे त्याला पान संपेपर्यंत कळूच शकत नाही. ते कळायला पूर्ण पान मेमरीत अडवून ठेवावं लागेल आणि मग त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांच्याच साइट हळू होतील. कळमन्याच्या बाजाराचे भाव सकाळी मोबाइलवर पाहणाऱ्या शेतकऱ्याला पान लवकर उघडणं महत्त्वाचं आहे, म्हणून आम्ही ते करत नाही आणि करणारही नाही. दुसरा एक मार्ग काही जण वापरतात, पीएचपीच्या सेटिंगमध्ये ऑटो अपेंड लावून प्रत्येक पीएचपी फाइलच्या शेवटी जाहिरात चिकटवायची. त्यात साध्या एचटीएमएल पानांवर काही येत नाही, स्क्रिप्टमध्ये एक्झिट (इथेच थांब असा हुकूम) लिहिलं असेल तिथेही येत नाही, आणि तुमचा फॉर्म जेसनमध्ये (पान नाही, नुसती माहिती पाठवायचा साचा) उत्तर देत असेल तर त्या उत्तरालाही जाहिरात चिकटून फॉर्म अडकतो. आम्ही हे सगळं पाहूनच टॅग शोधायची पद्धत ठेवली आहे. लॉगिन आणि पेमेंटच्या पानांवर पट्टी लागत नाही, तुमच्या पानांचे पत्ते वेगळे असतील तर कळवा, तेही वगळून देतो.

पट्टी नको असेल तर बिनजाहिरातीचा प्लॅन आहेच. बदलला की पट्टी सगळ्या पानांवरून एकाच वेळी जाते, फाइल बदलायची गरज नाही, फक्त ब्राउझरमध्ये कंट्रोल एफ पाच दाबून पहा, नाहीतर जुनंच पान दिसत राहतं.

हीच सोय आता काही ग्राहक स्वतःसाठी घेऊन राहिले. सीताबर्डीतल्या दुकानदाराला तान्ह्या पोळ्याच्या ऑफरचा बॅनर साइटच्या सगळ्या पानांवर हवा असतो आणि सण झाला की काढायचा असतो. एकेक पान उघडून टाकायचं म्हटलं तर दोन-चार पानं सुटतातच आणि ऑफर संपल्यावरही तिथे बॅनर लटकत राहतो. बिनजाहिरातीच्या प्लॅनवर तुमचाच बॅनर आम्ही सर्व्हरवरून लावतो, सुरू कधी आणि बंद कधी ते सांगा. बॅनरच्या फोटोची लांबी-रुंदी नक्की द्या, विशेषतः वर लावायचा असेल तर, नाहीतर फोटो उतरला की खालचा मजकूर उडी मारतो आणि 2020 पासून गूगल ही उडी मोजतं, तिचा आकडा 0.1 च्या आत राहिला पाहिजे. ॲडसेन्स, म्हणजे गूगलच्या जाहिराती, लावायचं असेल तर ॲड्स डॉट टीएक्सटी फाइल मुख्य फोल्डरमध्ये ठेवावी, ती आम्ही करून देतो, आणि लॉगिन, धन्यवादाचं पान, एररचं पान यांवर ॲडसेन्सला जाहिराती चालत नाहीत म्हणून ती पानं आधीच वगळतो. वर सांगितलेली प्रिंटवाली चूक इथे जास्त महाग पडते, कारण ॲडसेन्सच्या कोडमध्ये स्क्रिप्ट बंद करणारा टॅग असतो, त्यामुळे तुमची स्क्रिप्ट तिथेच संपते आणि उरलेला कोड पानावर अक्षरांसारखा सांडतो, गिऱ्हाइकाला दिसतो.

वर्डप्रेसवाल्यांसाठी एकच. कॅश प्लगइन (तयार पानं साठवून ठेवणारं) पानं आधीच जिप करून, म्हणजे दाबून लहान करून, ठेवत असेल तर फिल्टरला आतलं वाचता येत नाही, बॅनर दिसत नाही. प्लगइनमधलं कॉम्प्रेशन बंद करा, ते काम सर्व्हर तसाही करतो.

तक्रार पाठवताना "साइट चालत नाही" एवढंच लिहू नका. व्हॉट्सॲपवर त्या पानाचा पूर्ण पत्ता, कन्सोलच्या लाल ओळीचा फोटो आणि कोणतं बटण दाबलं ते पाठवा. साइट बनवणारा तुमचा भाचा-पुतण्या बाहेरगावी असेल आणि तुम्हाला कोडला हात लावायचा नसेल, तर उलट्या स्लॅशचं काम आम्हीच करून देतो, त्याचे पैसे घेत नाही, फक्त फाइल बदलायची परवानगी लिहून पाठवा.