नऊ फटींची जीप

टेबलावर प्लॅस्टिकच्या किटमधली 1:24 मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी, जीप अर्धवट जोडून ठेवली होती. शेजारचे काका चहाला आले, चष्मा वर करून वाकून पाहिलं आणि म्हणाले, “बाप्पा, ह्याचं बोनट बसकं हाये ना. आपल्या जीपीचं उंच रायते.” काकांनी आर्वी-पुलगाव रस्त्यावर पंचवीस वर्षं जीप चालवली आहे. माझ्या हातात किट येऊन आठ दिवस झाले होते, तरी मला जे दिसलं नव्हतं ते त्यांना चहा गार व्हायच्या आत दिसलं.

काकांचं बरोबर होतं. खोक्यात दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी ही लष्करी जीप होती. आपल्याकडे महिंद्राने ज्या जीपगाड्या वर्षानुवर्षं बनवल्या, त्यांचं मूळ आहे 1953 साली आलेली सीजे-3बी ही नागरी जीप. तिच्यात बसवलेलं नवं हरिकेन इंजिन उंचीला जास्त होतं, म्हणून बोनट वर उचलावं लागलं. फरक तेवढ्यावर थांबत नाही. लष्करी जीपच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी, नागरी जीपला सात. एमबीला मागे उघडणारं फळकं नाही आणि जादा चाक मागच्या पत्र्यावर. नागरी जीपला फळकं आलं आणि चाक बाजूला गेलं. शिवाय किटमधलं स्टिअरिंग डावीकडे.

पुतण्या बारा वर्षांचा. त्याला यातल्या कशाशीच देणंघेणं नाही. त्याला जीप पिवळीधमक हवी आणि समोर कर्णे हवेत. नेमकेपणा मोठा की मौज मोठी, हा वाद किट जोडणाऱ्यांत जगभर चालतो. तो कुठून आला हे पाहायला गेलं, तर प्लॅस्टिक किटच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचं किट पहिल्यांदा विकलं ते इंग्लंडमधल्या फ्रॉग कंपनीने, 1936 मध्ये. ती विमानं होती. चाकांच्या गाड्यांची गोष्ट मात्र शेतातून सुरू होते, आणि ती मला फार जवळची वाटते. निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या उद्योजकाने 1939 मध्ये लंडनमध्ये एअरफिक्स काढली. आधी रबरी खेळणी, मग कंगवे. कंगव्यांसाठी आणलेल्या मशीनवर, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरणाऱ्या मशीनवर, 1949 मध्ये त्यांनी फर्ग्युसन टीई-20 ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती बनवली. फर्ग्युसनच्या विक्रेत्यांना ती गिऱ्हाइकाला दाखवायला हवी होती. पुढे ती बाजारातही आली, आणि जोडणीचा खर्च वाचावा म्हणून सुट्या भागांत विकली जाऊ लागली. याच फर्ग्युसनचं नाव नंतर मॅसीशी जोडलं गेलं. आपल्याकडे शेताच्या बांधावर उभं राहून ज्याला सगळे नुसतं ‘मॅसी’ म्हणतात, त्याच घराण्याचा हा पूर्वज.

अमेरिकेत मोटारींच्या बाबतीत असंच घडलं. 1948 मध्ये मिशिगन राज्यात एएमटी ही कंपनी निघाली. दरवर्षी नवी मोटार आली की डीलरच्या काउंटरवर ठेवायला तिची हुबेहूब लहान गाडी लागायची, आणि ती एएमटी बनवायची. मोटार कारखान्याचेच नकाशे हाताशी, रंगसुद्धा त्या वर्षीचे. त्या गाड्यांचं माप 1:25. गिऱ्हाइकाला चुकीची गाडी दाखवून चालणार नाही, म्हणून नेमकेपणा इथे शिरला तो धंद्याची गरज म्हणून. फक्त सुरुवातीचं प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेट होतं. काही वर्षांत ते वाकडं व्हायचं. पुढे पॉलिस्टायरीन रुळलं आणि तो त्रास संपला.

मग 1958 मध्ये एएमटीने त्याच साच्यांतून किट काढली आणि खोक्यावर छापलं: एका खोक्यात तीन गाड्या. कारखान्यातून निघते तशी जोडा, आपल्या मनासारखी सजवा, नाहीतर शर्यतीची करा. जादा चाकं, जादा बंपर, चिकटवायची चित्रं, सगळं आत. मला हा या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण वाटतो. कारखान्याच्या नकाशातून उतरलेली नेमकी बॉडी आणि ती कापूनखोडून आपली करायची मुभा, दोन्ही एकाच पुठ्ठ्याच्या खोक्यात आले. आज जे दोन पक्ष भांडतात त्यांना कंपनीने एकत्रच विकलं होतं.

नेमकेपणाची स्पर्धा प्लॅस्टिकच्याही आधीची आहे. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने 1930 ते 1968 या काळात मुलांसाठी एक स्पर्धा चालवली. सुरुवातीच्या वर्षांत नेपोलियनच्या काळातल्या घोडागाडीची लहान प्रतिकृती हाताने बनवायची, दारं, कुलपं, कापडी अस्तरासकट. नंतर त्याच स्पर्धेत मुलं स्वतःच्या कल्पनेतली मोटार घडवू लागली, आणि त्यातले कित्येक पुढे मोठ्या कंपन्यांत मोटारींचे डिझायनर झाले. म्हणजे तिथेही आधी जशीच्या तशी, मग मनाची. हा क्रम मला पटतो.

1963 मध्ये ब्रिटनमध्ये प्लॅस्टिक मॉडेल जोडणाऱ्यांची आयपीएमएस ही संस्था स्थापन झाली. तिच्या शाखा देशोदेशी निघाल्या, प्रदर्शनं भरू लागली, परीक्षक आले, आणि जोड दिसते का, चाकं एका रेषेत आहेत का, याला गुण मिळू लागले. घरच्या टेबलावरचा छंद दुसऱ्याच्या डोळ्यांनी तपासला जाऊ लागला तो इथून.

जपानची तामिया याच वाटेने गेली, पण तिची सुरुवात आपल्या सुतारांसारखी. 1946 मध्ये शिझुओकात योशिओ तामिया यांनी लाकडाचा धंदा काढला. त्यातून लाकडी मॉडेलं, आणि 1960 मध्ये पहिलं प्लॅस्टिक किट. त्यांचे चिरंजीव शुनसाकु तामिया यांनी पोर्शे 934 चं (ही 911 चीच शर्यतीची आवृत्ती) 1:12 मापाचं किट काढायचं ठरवलं तेव्हा एक खरीखुरी पोर्शे 911 विकत घेतली आणि सगळी खोलून पाहिली. किट 1976 मध्ये बाजारात आलं. पण याच कंपनीचं 1:35 हे रणगाड्यांचं प्रसिद्ध माप ठरलं कसं? पँथर रणगाड्याच्या मॉडेलच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या बसाव्यात, म्हणून. सोयीसाठी निवडलेलं माप पुढे जगाने प्रमाण मानलं, आणि आता त्याच मापावर लोक एकेक रिव्हेट मोजतात.

मापांचं सगळंच असं आहे. 1:24 म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट तो मॉडेलवर अर्धा इंच. गुणाकार सोपा, म्हणून रूढ झालं. 1:25 डीलरच्या गाड्यांतून आलं. पाच मीटर लांबीची मोटार एका मापात 208 मिलिमीटर, दुसऱ्यात 200. कपाटात शेजारी ठेवल्या की हे आठ मिलिमीटर डोळ्यांना टोचतात. रेव्हेल या अमेरिकी किट कंपनीच्या सुरुवातीच्या काही किटांचं माप तर ठरलेल्या आकाराच्या खोक्यात काय मावतं यावर ठरलं होतं.

आणि एक गोष्ट प्लॅस्टिकच करू देत नाही. मोटारीचा पत्रा साधारण 0.8 मिलिमीटर जाडीचा. त्याचा चोविसावा भाग म्हणजे कागदाहूनही पातळ. साच्यातून निघणारी प्लॅस्टिकची भिंत मात्र मिलिमीटरभर ठेवावी लागते, नाहीतर रस कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे मॉडेलच्या दाराचा पत्रा खऱ्या मापात 24 मिलिमीटर जाड झाला, आपल्या बंडीच्या फळीएवढा. त्यात साचा उघडताना भाग सुटावा म्हणून कडांना उतार द्यावा लागतो. जाणकार माणूस चाकांवरच्या कमानींच्या कडा आतून तासून पातळ करतो, बाहेरून बघणाऱ्याला पत्रा वाटावा एवढ्यासाठी. अगदी नेमकं किट असं काही नसतंच. नजरेला कुठे पटवायचं आणि कुठे सोडून द्यायचं, एवढंच हातात असतं.

हे आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनी 1806 मध्ये तो सुरू केला असं सांगतात. लहान मुलं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून आणतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा त्यासाठी प्रसिद्ध आहे. इथला बैल गवळाऊ: अंगाने हलका, तोंड लांब आणि निमुळतं, शिंगं आखूड. जुने सुतार नंदीचं तोंड तसंच काढायचे. मुलांना मात्र लांब शिंगं हवी असायची, बेगड लावायला जागा मिळते म्हणून. आमच्या आळीतल्या सुतारबाबांनी त्यावर तोड काढली होती. शिंगं ते वेगळी करून भोकात बसवायचे. सणाला लांब, एरवी आखूड. एका नंदीत दोन बैल. एएमटीच्या खोक्याबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तोच नंदी आठवला.

खेड्यात बसून हा छंद करायचा तर अडचणी वेगळ्या. खेळण्यांवरची आयात ड्युटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेली, आणि स्केल मॉडेलही त्याच वर्गात मोडतं. त्यामुळे वर्षाला एखादं किट. ऊन त्याहून कडक. मे महिन्यात एअरब्रशमधून (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनातून) निघालेला रंग बॉडीवर पोचेपर्यंत हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी साय धरते. रंगकाम जमतं ते डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, आणि तेव्हा कापसाची वेचणी असते. त्यामुळे एक गाडी व्हायला दोन-दोन वर्षं लागतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. उशीर झाला की पाहणं जास्त होतं.

काकांची जुनी जीप आता त्यांच्या गोठ्याशेजारी निंबाखाली उभी आहे. मी आणि पुतण्या टेप घेऊन गेलो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 80 इंच, दोन्ही जीपचं सारखंच, म्हणजे मॉडेलवर पावणेपंचाऐंशी मिलिमीटर. किट तिथे बरोबर निघालं. जाळीच्या फटी पुतण्याने बोट लावून मोजल्या. सात. बोनटच्या कडेपासून बंपरपर्यंत त्याने सुतळी धरली, मी वहीत आकडे लिहिले, आणि 24 ने भागाकार त्यानेच केला. घरी येऊन अर्ध्या मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर सात फटी कोरल्या. पहिल्या दोन जाळ्या मधल्या पट्टीत तुटल्या. तिसरी टिकली. स्टिअरिंग उजवीकडे नेऊन झालंय, डॅशबोर्डमधलं जुनं भोक पुटीने बुजवलंय. बोनट राहिलंय.

रंग पिवळाच ठरला. काकांची जीप पहिल्यांदा रंगवली तेव्हा पिवळी होती, हे सीटखालचा पत्रा खरवडल्यावर पुतण्यालाच दिसलं.