झूलॉजी घेतलं की बेडूक कापावाच लागतो?

जून आला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या माळकरी घरांत हे हमखास ऐकू येतं: ‘पोरीला झूलॉजी नको, तिथं बेडूक फाडायला लावतात.’ मग आवडता विषय सुटतो. म्हणून स्पष्ट सांगते, ही गोष्ट जुनी झाली.

पूर्वी बेडूक, झुरळ, गांडूळ कापायला लागायचे, हे खरं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि 2014 मध्ये पदवी-पदव्युत्तर प्राणिशास्त्रात ते बंदच केलं. कारणं पक्की होती. एकच रचना पाहायला दरवर्षी असंख्य प्राणी निसर्गातून पकडले जात. शेतातला बेडूक किडे खातो. कपाशीच्या मुलखाला हे वेगळं सांगायला नको. आता रचना शिकायच्या त्या प्रतिकृती, तक्ते आणि संगणकावरच्या चित्रफितींतून. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या मात्र आहेतच, आणि खरी गोडी तिथेच लागते.

झूलॉजीसोबत केमिस्ट्री घेतली तर तिच्यात आम्ल हाताळावं लागतं, तिथे काळजी हवी: ॲप्रन, चष्मा आणि पिपेटमध्ये (द्रव मोजून घ्यायच्या नळीत) द्रव ओढायला तोंडाऐवजी रबरी फुगा. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन प्रात्यक्षिकांची यादी मागा. ती बघून ठरवा.