‘इग्नोर’च्या पोटातला ‘ज्ञ’

“त्याचा मेसेज आला ना, तर सरळ इग्नोर मार!” असं आपण सहज म्हणतो. इग्नोर मारणाऱ्याला सगळं ठाऊक असतं: मेसेज कुणाचा आहे, त्यात काय असणार, उत्तर नाही दिलं तर समोरचा किती चिडेल. गंमत अशी की या शब्दाचा मूळ अर्थच ‘ठाऊक नसणं’ असा आहे. लॅटिनमधल्या ‘इग्नोरारे’त आधी नकार येतो आणि मागून ‘ग्नो’ हा जाणण्याचा धातू.

हा ‘ग्नो’ आपल्या नात्यातला. संस्कृतचा ‘ज्ञा’ आणि तो एकाच आदिम इंडो-युरोपीय धातूची लेकरं, आणि इंग्रजीत ‘जाणणे’ या अर्थाचा ‘नो’ हे तिसरं भावंड. त्याच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक ‘के’ मुकाट बसलेला असतो. एके काळी तो उच्चारला जात असे. संस्कृतात ज, लॅटिनमध्ये ग, इंग्रजीत क, हा योगायोग नव्हे. गुडघाच घ्या: संस्कृत ‘जानु’, लॅटिन ‘गेनू’, इंग्रजी ‘नी’. इथेही स्पेलिंगच्या तोंडाशी तोच मुका ‘के’! जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये अशा ध्वनिबदलांची पद्धतशीर मांडणी केली. मला तर ही मांडणी एखाद्या भौतिक नियमाइतकीच देखणी वाटते.

इंग्रजीत ‘इग्नोर’ हा शब्द सहजी रुजला नाही. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या शब्दकोशात त्याचा अर्थ ‘न जाणणे’ एवढाच आहे. पुढे शेरा आहे की बॉइल यांनी हा शब्द आणू पाहिला, पण तो स्वीकारला गेला नाही. हे बॉइल म्हणजे वायूच्या दाबाचा नियम ज्यांच्या नावाने आपण शाळेत शिकतो, तेच. ‘दुर्लक्ष करणे’ हा अर्थ सर्रास झाला तो एकोणिसाव्या शतकात.

न जाणण्यातून दुर्लक्ष कसं आलं? मला दुवा दिसतो तो कोर्टात. पुरावा अपुरा वाटला की इंग्लंडची ग्रँड जुरी, म्हणजे खटला चालवावा की नाही हे ठरवणारी नागरिकांची मंडळी, आरोपपत्रावर लिहायची ‘इग्नोरामुस’, म्हणजे ‘आम्हाला ठाऊक नाही’. कागद समोर, मजकूर वाचलेला, तरीही दखल नाही. १६१५ मध्ये केंब्रिजला राजा पहिल्या जेम्ससमोर याच नावाचं नाटक झालं. त्यातल्या अडाणी वकिलाचं नाव इग्नोरामुस, आणि तेव्हापासून हा शब्द मूर्खालाही चिकटला.

मराठीने हीच जोडणी स्वतंत्रपणे केली आहे: ‘न’ अधिक ‘जाणणे’, म्हणजे ‘नेणणे’. संतांच्या ओव्या-अभंगांत तो जागोजागी भेटतो. पण आपला ‘नेणणे’ कोर्टाची पायरी चढला नाही. नेणतं लेकरू म्हणजे आजही खरोखरच काही न कळणारं लेकरू. जाणूनबुजून पाठ फिरवायची असेल, तेव्हा मराठी माणूस जाणण्याला हात लावत नाही; तो डोळ्यांकडे वळतो आणि डोळेझाक करतो.