पेन्सिल्व्हेनियात सकाळी टर्की, दुपारी मासे: कोणते परवाने, कोणती कागदपत्रं आणि कोणत्या क्रमानं

मे महिना उजाडला की पेन्सिल्व्हेनियात नर टर्कीची शिकार सुरू होते, आणि ऑफिसातला एखादा इथलाच सहकारी हमखास विचारतो, "शनिवारी येतोस का? सकाळी टर्की, दुपारी मासे. बंदूक माझ्याकडे आहे, तू नुसता ये." फिलाडेल्फिया, किंग ऑफ प्रशिया किंवा पिट्सबर्गच्या बाजूला राहणाऱ्या मराठी माणसाला हे आमंत्रण कधी ना कधी येतंच. माणूस मनापासून बोलावत असतो. पण "बंदूक माझ्याकडे आहे" या वाक्यात एक कायदा दडलेला आहे आणि तो बहुतेकदा त्या सहकाऱ्यालाही ठाऊक नसतो, कारण त्याच्यावर तो कधी लागूच झालेला नसतो.

व्हिसावर असाल तर आधी एवढं वाचा

फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा नसलेल्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, फिरायला येणाऱ्यांचा बी-१/बी-२, सगळे यात आले. बाळगणं म्हणजे फक्त विकत घेऊन कपाटात ठेवणं नव्हे. मित्रानं "जरा धर" म्हणून हातात दिलेली शॉटगनसुद्धा कायद्याच्या भाषेत बाळगणंच ठरू शकते.

सुटका त्याच कायद्यात आहे. अमेरिकेत रीतसर मिळालेला आणि मुदतीत असलेला शिकारीचा परवाना ज्याच्याकडे आहे, त्याला ही मनाई लागू होत नाही. म्हणून क्रम ठरलेला: आधी प्रशिक्षण, मग शिकारीचा परवाना, आणि त्यानंतरच बंदुकीला हात. "आधी रेंजवर जाऊन थोडा सराव करू, लायसन्स मेमध्ये काढू" हा उलटा क्रम चालत नाही. मासेमारीचा परवाना यासाठी कामाचा नाही. कायद्याला शिकारीचाच हवा असतो.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारी गोष्ट. पेन्सिल्व्हेनियाचा शिकारीचा परवाना १ जुलै ते ३० जून असा चालतो. तुम्ही मेमध्ये शिकार केली, बंदूक घरी आणून कुलपात ठेवली, आणि ३० जूनला परवाना संपला, तर १ जुलैपासून ती बंदूक घरात असणं हाच गुन्हा होऊ शकतो. पुढच्या शिकारीचा विचार नसला तरी बंदूक घरात आहे तोवर परवान्यात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका. नव्या वर्षाचे परवाने जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास विक्रीला येतात, तेव्हाच घेऊन टाकावा.

यात चूक झाली तर ती दंड भरून मिटत नाही. हा फेलनीच्या, म्हणजे गंभीर गुन्ह्याच्या, दर्जाचा गुन्हा आहे, शिवाय इमिग्रेशन कायद्यात बंदुकीच्या गुन्ह्यातली शिक्षा हे हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहे आणि ते ग्रीन कार्डवाल्यांनाही लागू होतं. दहा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत काढलेल्या माणसानं एका टर्कीपायी हा धोका का घ्यावा?

ग्रीन कार्ड हातात असेल किंवा तुम्ही नागरिक असाल, तर बंदूक बाळगण्यासाठी ही परवान्याची अट तुम्हाला नाही. शिकारीसाठी परवाना मात्र सगळ्यांनाच लागतो. धनुष्यबाण आणि क्रॉसबो फेडरल व्याख्येत बंदुकीत मोडत नाहीत. त्यांनीही टर्की मारता येते, म्हणून व्हिसावरचे काही जण तोच मार्ग धरतात. त्यांनाही शिकारीचा परवाना चुकत नाही.

पहिली पायरी: हंटर-ट्रॅपर एज्युकेशन

पहिल्यांदा परवाना काढणाऱ्या प्रत्येकाला, वय कितीही असो, हा कोर्स करावा लागतो. किमान वय ११. वर्गात बसून केला तर फुकट. ऑनलाइनही आहे, त्याला शुल्क पडतं. बंदूक सुरक्षित कशी हाताळायची, नेम धरताना मागे काय आहे हे कसं पाहायचं, कुंपण ओलांडताना काय करायचं, कायदे काय, असा अभ्यास आणि शेवटी परीक्षा. इंग्रजी वाचता येणाऱ्याला अवघड नाही. मिळणारं प्रमाणपत्र जन्मभराचं असतं आणि इतर राज्यांतही चालतं.

आपल्याकडचा जुना अनुभव दाखवून यातून सवलत मिळेल या आशेवर राहू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनंतर भारतात हौसेच्या शिकारीचा परवाना हा प्रकारच उरलेला नाही, तेव्हा दाखवणार काय?

कोर्स हिवाळ्यातच उरकावा. एप्रिलमध्ये जाग आली तर जवळचे वर्ग भरलेले असतात.

दुसरी पायरी: शिकारीचा परवाना

इथे दोन वेगळी खाती आहेत. शिकार पेन्सिल्व्हेनिया गेम कमिशनकडे, मासे आणि होड्या फिश अँड बोट कमिशनकडे. सुदैवानं दोघांचे परवाने हंटफिशपीए या एकाच ऑनलाइन व्यवस्थेतून मिळतात. ऑनलाइन नको असेल तर वॉलमार्ट, खेळसाहित्याची दुकानं किंवा काउंटी ट्रेझररचं कार्यालय. पहिल्यांदा नोंदणी झाली की एक ग्राहक क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. पुढे सगळी कामं त्यावरच होतात.

जवळ ठेवायचं ते असं: पेन्सिल्व्हेनियाचा पत्ता असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी नंबर आणि कोर्सचं प्रमाणपत्र. शिकारीच्या कागदावर सोशल सिक्युरिटी नंबर कशाला, असं वाटेल. मुलांच्या पोटगीच्या वसुलीसाठी केलेल्या फेडरल कायद्यानं तो अशा परवान्यांच्या अर्जावर घ्यावा लागतो, त्यामुळे दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

राज्यातल्या प्रौढ रहिवाशाला साधा परवाना २०.९७ डॉलरला पडतो, बाहेरच्याला १०१.९७ ला. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारा मित्र डेलावेअर नदी ओलांडून आला की पाचपट मोजणार. साध्या परवान्यातच वसंतातल्या एका टर्कीचा टॅग, म्हणजे मारलेल्या पक्ष्याला बांधायची चिठ्ठी, असतो. दुसरी टर्की हवी असेल तर वेगळा जादा परवाना, आणि तो हंगाम सुरू व्हायच्या आत घ्यायचा. दिवसाला एकच पक्षी.

बंदूक विकत घ्यायची असेल तर

दुकानात फॉर्म ४४७३ हा बंदूक खरेदीचा फेडरल अर्ज भरावा लागतो. त्यात नागरिकत्व, व्हिसा आणि अपवाद यांचे सरळ प्रश्न आहेत. व्हिसावरच्या माणसानं फोटो आणि सध्याचा पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र, आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) चा क्रमांक आणि चालू मुदतीचा शिकारीचा परवाना घेऊन जावं. व्हिसाच्या प्रश्नाला "हो" आणि अपवादाच्या प्रश्नालाही "हो", असं खरं उत्तर लिहायचं. काउंटरवरचा पोरगा "नो टाका, काही होत नाही" म्हणाला तरी टाकायचं नाही. सही तुमची असते आणि खोटी माहिती हा वेगळा गुन्हा. मग राज्य पोलिसांकडून पार्श्वभूमीची तपासणी होते. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना शॉटगन घ्यायला त्यांच्या राज्याचं फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्डही लागतं.

रायफल घेऊन उपयोग नाही. वसंतात टर्कीसाठी फक्त छर्ऱ्यांची शॉटगन किंवा धनुष्य चालतं, आणि शिशाचे छर्रे ४ नंबरचे किंवा त्याहून बारीक.

जंगलातले नियम

हंगाम साधारण १ मेच्या जवळच्या शनिवारी सुरू होतो आणि महिनाअखेरपर्यंत चालतो. त्याच्या आधीचा शनिवार मुलांसाठी राखीव. वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून. पहिले दोन आठवडे दुपारी बारापर्यंतच, नंतर संध्याकाळपर्यंत. या वेळी माद्या अंड्यांवर असतात, दुपारी जंगलात माणसांची वर्दळ नको, हा बारा वाजताच्या घंटेमागचा एक विचार. दुपारी मासे हा बेत जमतो तोही त्यामुळेच.

कायद्याला "दाढी" असलेला पक्षी हवा. दाढी म्हणजे छातीवरून लोंबणारा, केसांसारख्या राठ काळ्या पिसांचा झुपका. काही माद्यांनाही ती असते आणि कायद्यानं त्या चालतात, पण जुने शिकारी अशी मादी सोडून देतात आणि मला ते योग्य वाटतं. टर्कीचा माग काढत तिच्याकडे सरकत जायचं नाही. लपणात बसून मादीचा आवाज काढायचा आणि नराला आपल्याकडे बोलवायचं. आवाज तोंडानं, लाकडी पेटीनं किंवा पाटीवर काडी घासून काढा, इलेक्ट्रॉनिक यंत्रानं नाही. दाणे टाकून बोलावणंही बेकायदेशीर.

मित्रांसाठी महत्त्वाचं: आवाज काढून देणं हीसुद्धा कायद्यानं शिकारच. "मी बंदूक घेत नाही, फक्त कॉल करतो" म्हणणाऱ्यालाही परवाना हवा. नुसतं मागे बसून बघणाऱ्याला नको.

कपड्यांत लाल, पांढरा, निळा रंग कुठेही दिसू देऊ नका, मोज्यांत आणि रुमालातसुद्धा. नर टर्कीचं डोकं नेमकं याच तीन रंगांचं असतं आणि झुडपाआड हललेला लाल ठिपका दुसऱ्या शिकाऱ्याला पक्षी वाटू शकतो. चालताना नारंगी टोपी घाला, बसल्यावर काढा. बसायला खांद्यापेक्षा रुंद बुंधा शोधा, म्हणजे पाठ झाकलेली राहते.

जागेचा प्रश्न सोपा आहे. स्टेट गेम लँड्स नावाची १५ लाख एकरांहून अधिक सार्वजनिक जमीन गेम कमिशनकडे आहे. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी घ्या. झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर तिथे पाटी नसली तरी "आत येऊ नका" असा त्याचा कायदेशीर अर्थ होतो. फिलाडेल्फिया आणि ॲलेगेनी काउंटी सोडून २०२० पासून हा नियम आहे. राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत परवानगीशिवाय बंदुकीनं शिकार नाही. काडतुसं भरलेली बंदूक गाडीत ठेवायची नाही.

पक्षी पडला की तो जागचा हलवण्याआधी टॅग भरून बांधायचा. टॅग कागदी असतो, तेव्हा बॉलपेन आणि दोरा खिशात हवा. पहाटेच्या दवात जेल पेनाची शाई पसरते. दहा दिवसांत ऑनलाइन किंवा फोनवर नोंद करायची.

मासेमारी

ही बाजू पुष्कळ हलकी. १६ वर्षं आणि पुढच्या सगळ्यांना परवाना, कोर्स नाही. मुदत मात्र कॅलेंडर वर्षाची: ३१ डिसेंबरला संपते, आणि पुढच्या वर्षाचा १ डिसेंबरपासून मिळतो. ट्राउट धरायचा तर वेगळं ट्राउट परमिट. ट्राउटचा हंगाम एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठला उघडतो. किमान सात इंच, दिवसाला पाच. वॉलआय या माशाचा हंगाम मेच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे कित्येकदा टर्कीबरोबरच. बास हा मासा मात्र त्या दिवसांत अंडी घालत असतो, म्हणून मध्य एप्रिलपासून मध्य जूनपर्यंत गळाला लागला तरी लगेच पाण्यात सोडायचा.

वसंतात डेलावेअर नदीत शॅड हा मासा समुद्रातून वर चढतो. तो आपल्याकडच्या पाला माशाचा नातलग, चव आणि काटे दोन्ही त्याच घराण्याचे. दोन राज्यांमधल्या या नदीच्या पात्रात पेन्सिल्व्हेनिया किंवा न्यू जर्सी, कुणाचाही एक परवाना चालतो. उपनद्यांत शिरलात की ज्या राज्याचं पाणी त्याचा.

वल्हवायची कायाक नेणार असाल तर फिश अँड बोट कमिशनच्या किंवा स्टेट पार्कच्या धक्क्यावरून पाण्यात उतरवायला लाँच परमिट किंवा नोंदणी लागते. हे हमखास विसरलं जातं.

एक गट, तीन प्रकारची माणसं

समजा, एक जण किंग ऑफ प्रशियाचा एच-१बीवाला, दुसरा एडिसनचा ग्रीन कार्डवाला, तिसरा पुण्याहून आलेला मेहुणा, टुरिस्ट व्हिसावर. पहिल्यानं कोर्स आणि परवाना झाल्यावरच बंदूक हातात घ्यायची, मग ती स्वतःची असो वा मित्राची. दुसऱ्याला बंदुकीची अडचण नाही, पण परवाना बाहेरच्या दराचा. मेहुण्यानं जंगलात यावं, लपणात गप्प बसावं, फोटो काढावेत. बंदूक धरून फोटो मात्र नको, कारण तोच उद्या पुरावा होतो.

मासेमारीत मेहुण्याची सोय होऊ शकते. दरवर्षी दोन फिश-फॉर-फ्री दिवस असतात, त्यातला एक मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) आदल्या रविवारी आणि दुसरा ४ जुलैला. त्या दिवशी कुणालाही परवाना लागत नाही, ट्राउट परमिटही नाही. आकार आणि संख्येचे नियम तेवढे पाळायचे. मेमोरियल डेच्या सुमारास टर्कीचा हंगाम चालू असतो, त्यामुळे गटाचा बेत याच शनिवार-रविवारी ठरवावा: शनिवारी पहाटे टर्की, रविवारी सगळ्यांनी गळ.

घरी आणलेले मासे वाटून घ्या. राज्याचा सर्वसाधारण सल्ला आहे की स्वतः पकडलेले मासे आठवड्यातून एकदाच, साधारण अर्धा पौंड खावेत, आणि काही नद्यांसाठी त्याहूनही कमी. त्यांची यादी मासेमारीच्या वार्षिक पुस्तिकेत असते. रानटी टर्कीच्या मांड्या दुकानातल्यासारख्या मऊ नसतात, त्या भाजायच्या भानगडीत न पडता वाटण घालून मंद आचेवर रस्सा करावा, आणि खाताना छर्रे दाताखाली येणार नाहीत एवढं बघावं.