बँकॉक एका दिवसात : निघण्यापूर्वी हे वाचा

आमच्या एकदिवसीय सहलीत ठिकाणं तीनच आहेत: ग्रँड पॅलेस (राजवाडा), वाट फो आणि वाट अरुण. थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर. ‘फ्लोटिंग मार्केटही त्यातच बसवा’ असा आग्रह बरेच जण धरतात. दामनोएन सादुआकचा तो बाजार शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे आणि तिथली खरी गजबज सकाळीच असते. तो आधी केला तर राजवाडा भर दुपारी पाहावा लागतो, आणि बँकॉकच्या उन्हात ते झेपत नाही. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

गाडी हॉटेलच्या दाराशी सकाळी ७.३० वाजता येते. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. मोबाइलमधली वेळ बदलली आहे ना, ते आदल्या रात्रीच बघा. राजवाडा ८.३० ला उघडतो.

कपडे

फाटकावर सर्वांत जास्त खोळंबा यामुळेच होतो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. हाफ पँट, फाटकी जीन्स, घट्ट लेगिंग्ज चालत नाहीत. उघड्या खांद्यांवर ओढणी किंवा पदर घेऊन भागत नाही. साडी नेसणार असाल तर बाह्यांचा ब्लाऊज घाला. नाहीतर समोरच्या दुकानातून हत्तीछाप विजार विकत घ्यायची, आणि तोवर बाकीचे उन्हात उभे! चपला पटकन काढता येतील अशा असू द्या.

‘आज राजवाडा बंद आहे’

फाटकाच्या अलीकडे कुणी सभ्य दिसणारा माणूस असं सांगेल आणि तोवर २० बाटमध्ये टुकटुकने फिरवून आणतो म्हणेल. ती फेरी रत्नांच्या नाहीतर सूट शिवणाऱ्यांच्या दुकानात संपते. चालत राहा.

राजवाडा

राजवाड्याच्या मंदिरातला पाचूचा बुद्ध प्रत्यक्षात जेडचा आहे, उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर. ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा त्याची वस्त्रं बदलतात. गाभाऱ्यात फोटो काढायचे नाहीत, आणि बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. बहुतेक जण हे बघून बाहेर पडतात. आम्ही मात्र भोवतालच्या ओवरीत थांबतो, कारण तिथे १७८ चित्रांत रामकियेन, म्हणजे थाई रामायण रंगवलं आहे. यातला हनुमान ब्रह्मचारी नाही: रावणाची लेक, एक मत्स्यकन्या, सेतू उद्ध्वस्त करायला येते आणि तिच्याशीच त्याची जोडी जमते. त्यांचा मुलगा मच्छानू पाहिला की आपला मकरध्वज आठवतोच.

वाट फो

राजवाड्याच्या भिंतीलगत दक्षिणेला चालत जायचं. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. मधल्या खांबांमुळे तो एका नजरेत मावत नाही; पूर्ण फोटो पायांच्या बाजूने तिरका घ्यावा. तळव्यांवर शिंपल्यात जडवलेली १०८ शुभचिन्हं आहेत, ती घाईत बघू नका.

जेवण

नुसतं ‘व्हेज’ सांगून उपयोग नाही. भाज्यांतही नाम प्ला, म्हणजे माशांचा सॉस पडतो. ‘किन जे’ म्हणा: त्यात मांस, मासे, अंडी नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. बटाटा मात्र असू शकतो. जैन मंडळींनी बुकिंग करतानाच कळवावं.

वाट अरुण

था तियेन धक्क्यावरून ५ बाटच्या होडीने पैलतीरी. शिखर चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलंय. नक्षी जवळून बघा. दाराशी उभा हिरवा यक्ष म्हणजे रावणच. पायऱ्या फार उभ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर खालूनच पाहा. सूर्यास्ताचा फोटो मात्र अलीकडच्या तीरावरून येतो, म्हणून पाचच्या सुमारास परततो.

तिकिटं सहलीच्या दरात धरलेली नाहीत. पत्रक छापताना राजवाडा ५००, वाट फो ३०० आणि वाट अरुण २०० बाट असे दर आहेत. रोख जवळ ठेवा. संध्याकाळी चायनाटाउनला जायचं असेल तर आमची गाडी सोडा: सनाम चाय मेट्रोवरून दुसरं स्टेशन वाट मंगकोन. त्या वेळी रस्त्याने जाण्यापेक्षा तेच लवकर पोहोचवतं.