रानभाज्या आणि वनौषधींतील विष : मुंबईच्या संदर्भातील पार्श्वभूमी

पहिल्या पावसाबरोबर मुंबईच्या बाजारांत शेवळे येतात. पालघर, शहापूर, कर्जत या भागांतून आलेल्या आदिवासी स्त्रिया त्यांच्या जुड्या मांडून बसतात आणि जुडीसोबत काकडाची आंबट फळेही देतात. शेवळे हे सुरणाच्या जवळच्या एका रानटी वनस्पतीचे फुलोरे असून त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जिभेत व घशात रुतले की खाज सुटते, आग होते, कधी सूजही येते. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा, काकडाचा रस घालायचा आणि भाजी पुरती शिजवायची, अशी रीत पडली. ही रीत पाककृतीचा अलंकार नव्हे, ती सुरक्षिततेची अट आहे. जुडी घेऊन काकडे नको म्हणणारे गिऱ्हाईक या ज्ञानाचा निम्मा भाग विक्रेतीच्या टोपलीतच ठेवून जाते.

वनस्पती औषध की विष हे वापरावर ठरते, हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. नीट योजलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि चुकीचे योजलेले औषध विष होते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शिजवून शुद्ध करण्याची पद्धत याच विचारातून आली. बचनागातील ॲकोनिटीन हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकते; उकळल्याने त्याचे विघटन होऊन कमी विषारी द्रव्ये तयार होतात, हे रसायनशास्त्राने पुढे दाखवून दिले.

मुंबईशी या विषयाचा लेखी संबंधही बराच मागे जातो. मुंबईचे बेट पोर्तुगीजांकडून भाडेपट्ट्याने घेतलेले वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरील ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला, आणि त्यात धोत्रा खाऊ घालून माणसाला भ्रमिष्ट करून लुटणाऱ्यांची हकिकत आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत सरकारी सेवेत असलेल्या विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातील वनौषधींची माहिती गोळा केली. 1890 ते 1893 या काळात सहकाऱ्यांसह त्यांनी प्रसिद्ध केलेला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ आजही अभ्यासक उघडतात.

कायदाही या धोक्याची दखल घेतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा. त्याखालील नियमांच्या अनुसूची ई-1 मध्ये बचनाग, धोत्रा, कुचला, बिब्बा, गुंज, कळलावी अशी विषारी द्रव्ये नोंदलेली आहेत आणि ती पोटात घेण्याच्या औषधांत असतील, तर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना वेष्टनावर छापावी लागते. मात्र हा नियम कारखान्यातील औषधाला लागू होतो. पावसाळ्यात सह्याद्रीत सर्रास उगवणाऱ्या कळलावीचा कंद कोणी हौसेने खणून आणला, तर त्यातील कोल्चिसीन या विषाची सूचना देणारे वेष्टन त्यावर नसते, आणि हा कंद खाऊन माणसे दगावलेली आहेत.

करोनाकाळात हा प्रश्न शहराच्या घराघरांत आला. प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा रोज पिण्याची प्रथा पडली आणि 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद यकृतविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, याची खातरजमा झालेली नाही, तिच्याच कुळातील दिसायला सारखी दुसरी वेल असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. वाद यकृताच्या इजेबद्दल होता तितकाच वनस्पती ओळखण्याबद्दलही होता, आणि मला हीच बाब अधिक चिंतेची वाटते. रानात वेल पाने, फुले, फळे यांसह समोर असते आणि पारखणारी माणसे शेजारी असतात. शहरात हातात येतात ते सुकलेल्या खोडाचे तुकडे किंवा पुडीतली भुकटी, आणि त्यावरून कोणती वेल तोडली होती हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग उरत नाही.