लालीचे थेंब आणि ओलाव्याचे थेंब

मेडिकलच्या फळीवर या दोन बाटल्या बहुतेक शेजारीशेजारीच उभ्या असतात. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही लहान, दोन्हींच्या खोक्यावर डोळ्याचं चित्र. एकीला सगळे ‘लालीचं औषध’ म्हणतात. दुसरीला, म्हणजे ओलाव्याच्या थेंबांना, गावात नावच नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिली तर ती जाते, नाही तर फळीवरच राहते. आमच्याकडे सोयाबीनची मळणी सुरू झाली, की अंगभर कुटाराची धूळ आणि डोक्याला दुपट्टा बांधलेला माणूस काउंटरवर येतो आणि म्हणतो, “डोयाची आग होऊन राह्यली भाऊ, लालीचं एखांदं देऊन द्या ना.” त्याची तक्रार आग होण्याची असते, मागणी मात्र लालीच्या औषधाची. आरशात लालीच दिसते ना! हा घोळ मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्या दोन बाटल्या अगदी वेगळी कामं करतात.

लालीच्या थेंबांत बहुतेक वेळा नॅफाझोलिन किंवा त्याच जातीचं औषध असतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यांना ते आवळतं. रक्त कमी वाहिलं की पाच-दहा मिनिटांत डोळा पांढरा दिसतो. दोनेक तासांनी, कधी थोडं उशिरा, असर ओसरतो. रोज, दिवसातून अनेकदा टाकत राहिलं तर औषध उतरल्यावर त्या वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. मग लाली वाढते, म्हणून पुन्हा थेंब, म्हणून पुन्हा लाली. ज्यांच्या डोळ्याच्या आतलं पाणी निचरायचा कोन मुळातच अरुंद आहे, त्यांच्यात या औषधाने बाहुली मोठी होऊन डोळ्याचा दाब एकाएकी वाढू शकतो. लग्नाच्या दिवशी एखाद्या वेळी टाकलं तर ठीक, पण मळणीचा अख्खा हंगाम त्याच्यावर काढणं बरं नाही.

मुख्य म्हणजे ही आग पुष्कळदा डोळा कोरडा पडल्याची असते, आणि कोरडेपणावर या औषधाचा काही उपाय नाही. बाटलीत पाणी असतं म्हणून क्षणभर गार वाटतं, एवढंच.

आता डोळा कोरडा पडतो म्हणजे होतं काय? बुबुळाच्या पुढे जो पारदर्शक पडदा आहे, कॉर्निया, त्याच्यावर पेशींचे ५ ते ७ थर असतात. सगळे मिळून जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. त्यांच्यावर अश्रूंचा एक पातळ लेप असतो, साधारण ३ ते ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लेपात खाली पेशींना चिकटून राहणारा बुळबुळीत म्युसिन, त्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येतं आणि पाणी उडून जाऊ देत नाही. आपण मिनिटाला १५ ते २० वेळा पापणी मिटतो आणि दर वेळी हा लेप नव्याने पसरतो. मोबाइलकडे बघताना उघडझाप निम्म्याहून कमी होते. त्यात विदर्भाचा उन्हाळा. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा हाडासारखी कोरडी, आणि त्या हवेत मोटरसायकलवर उघड्या डोळ्यांनी वीस-पंचवीस किलोमीटर.

पाणी उडालं तरी अश्रूंतला क्षार जागच्या जागी राहतो. म्हणजे उरलेलं पाणी अधिक खारट होतं. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं आणि फोडी आक्रसतात, ते आपल्या घरात दरवर्षी बघायला मिळतं. कॉर्नियाच्या पेशींचंही तेच होतं: बाहेरचा खारटपणा आतलं पाणी ओढून घेतो. फोड आक्रसून गप्प बसते, जिवंत पेशी मात्र धोक्याचे रासायनिक इशारे सोडते. त्यातून सूज येते, सुजेने आणखी पेशी मरतात आणि म्युसिन तयार करणाऱ्या पेशीही कमी होतात. म्युसिन घटलं की लेप नीट धरत नाही, पाणी आणखी लवकर उडतं. डॉक्टर डोळ्यात फ्लुरोसिन नावाच्या रंगद्रव्याची पट्टी लावून निळ्या उजेडात बघतात, तेव्हा जिथे जिथे पेशींना इजा झालेली असते तिथे हिरवे ठिपके चमकतात. एकदा तो डोळा भिंगातून पाहिला, की ‘जरा कोरडेपणा आहे’ असं कुणी सहज म्हणणार नाही.

ओलाव्याचे थेंब या सगळ्याच्या मध्ये पडतात. नुसतं पाणी टाकलं तर ते गालावर वाहून जातं, म्हणून या थेंबांत पाणी धरून ठेवणारे लांब रेणू असतात. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज हा आपल्याकडचा सगळ्यात नेहमीचा, खोक्यावर ०.५ टक्के किंवा १ टक्का असं लिहिलेलं असतं. हा रेणू पेशींच्या पृष्ठभागाला धरून बसतो आणि ओल टिकवतो. सोडियम हायल्युरोनेट त्याहून महागडं, पण गुणाचं. पापणी मिटताना ते पातळ होऊन सरकतं, डोळा उघडा असताना दाट होऊन थांबतं. थेंब पडले की खारटपणा कमी होतो, पेशीतलं पाणी पेशीत राहतं आणि पापणीचं घासणं कमी होतं. काही बाटल्यांत ग्लिसरीन, एरिथ्रिटॉल, कार्निटिन किंवा ट्रेहॅलोज असतं. त्यातले काही रेणू पेशीच्या आत जाऊन बाहेरच्या खारटपणाशी तोल साधतात, मग पेशी आक्रसत नाही. ट्रेहॅलोज तर पेशीतली प्रथिनं आणि आवरण सुकण्यापासून सांभाळतं. यीस्टसारखे जीव कोरड्या दिवसांत त्याच्याच आधाराने तग धरतात. लहानशा थेंबात एवढी योजना असते, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

यात लाली घालवणारं काही नसतं, तरी लाली उतरते. पेशींचे इशारे थांबले की रक्तवाहिन्या आपोआप निवळतात. त्याला दिवस लागतात, क्वचित आठवडे. नेमकं म्हणूनच लोक म्हणतात, “ह्या औषधानं काही फरक नाही पडून राह्यला,” आणि बाटली टाकून देतात. वरच्या पेशींची नवी फळी तयार व्हायलाच सात ते दहा दिवस लागतात, तेवढा धीर धरायला हवा.

एक शंका हमखास येते. “माह्या डोयातून तं पाणी गयते, मंग कोरडे कसे?” गळणारं पाणी हे डोळ्याच्या चिडण्याचं पाणी. त्यात तेल आणि म्युसिन पुरेसं नसतं, ते पेशींवर थांबत नाही, सरळ गालावर येतं. वाऱ्यात गळणारे डोळे पुष्कळदा कोरडेच असतात.

थेंब कसा टाकायचा, यातही पैसे वाचतात. डोळ्यात एरवी साधारण ७ मायक्रोलिटर अश्रू असतात आणि बाटलीचा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. दुसरा थेंब लगेच टाकला तर तो वाहूनच जातो. एक पुरे, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबायचा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबून. खोक्यावर ‘बेंझाल्कोनियम क्लोराइड’ दिसलं तर ते टिकाऊपणासाठी घातलेलं आहे. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा टाकायचं असेल तर ते स्वतःच पेशींना त्रास देतं, तेव्हा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली बाटली मागायची. साधी बाटली फोडली की महिनाभरच वापरायची. फोडल्याची तारीख पेनाने वर लिहून ठेवा, आणि शेतात जाताना ती मोटरसायकलच्या डिक्कीत उन्हात तापत ठेवू नका.

रात्री कूलरचा झोत तोंडावर घेणं बंद केलं, मळणीयंत्राजवळ साधा प्लास्टिकचा चष्मा लावला, तर थेंबांची गरजच कमी पडते. रातांधळेपणा असलेलं मूल, सांधेदुखीचा जुना रुग्ण किंवा सर्दीच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाणारा माणूस, यांच्या कोरडेपणाचं कारण वेगळं असतं. ते शोधावं लागतं.

तिसरी बाटली मी मुद्दाम शेवटी घेतो. प्रतिजैविक आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड एकत्र असलेले थेंबही ‘लालीचे’ म्हणून मागितले जातात. त्यातल्या स्टिरॉइडने लाली झपाट्याने जाते, पण दीर्घ वापराने काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. धानाचं कुसळ, पऱ्हाटीची काडी, तुरीचं पान डोळ्याला लागून जखमेत बुरशी वाढत असेल, तर हेच औषध बुरशीला मोकळं रान देतं. म्हणून डोळ्याला काही लागलं असेल, नजर धूसर झाली असेल, उजेड सहन होत नसेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर तीनपैकी एकही बाटली घ्यायची नाही. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना दाखवायचं. फवारणीचं औषध उडालं असेल तर आधी पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन निघायचं.